मोहाचे फूल आणि सरकारचा गल्ला

१/ प्रवासात त्या त्या गावचे पेय आणि त्या ऋतूचे अन्न चाखावे, ही रीत जगभर आहे. कल्याणच्या पलीकडच्या मुलखात मात्र या रीतीला कायद्याने एकेकाळी गुन्ह्याच्या जवळ नेऊन ठेवले. त्याचा हा इतिहास.

२/ १८५६ साली लोहमार्ग कल्याणहून बदलापूरमार्गे खोपोलीपर्यंत गेला. रुळांच्या दोन्ही अंगांना भातखाचरे होती आणि त्यामागच्या डोंगरांत ठाकूर, कातकरी यांच्या वाड्या. तेथील पेये ऋतूंना बांधलेली असत. हिवाळ्यात ताडीमाडाचा रस निघे. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले गळत, ती वेचून वाळवली जात.

३/ मोह हे केवळ दारूचे झाड नव्हे. फुले शिजवून खाल्ली जात, बियांचे तेल निघे आणि टंचाईच्या दिवसांत हीच फुले पोटाला आधार देत. त्यांच्यापासून गाळलेली दारू देवाला, पितरांना आणि लग्नकार्यात लागे. पहिल्या पावसात उगवणारी शेवळे, मग टाकळा आणि कर्टोली ही रानभाजी जशी ऋतूची, तसेच मोहाचे फूल.

४/ १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हे चित्र पालटले. घरगुती भट्टी बेकायदा ठरली. दारू गाळण्याचे काम सरकारी देखरेखीखालच्या भट्ट्यांकडे आणि विक्री मक्तेदारांकडे गेली. उरण हे मोहाच्या दारूचे मोठे केंद्र झाले. ताडीच्या प्रत्येक झाडावर कर होता, तो चढत गेला आणि भंडारी समाजाच्या परंपरागत व्यवसायाला त्याची झळ बसली.

५/ तरीही जंगलात फूल फुकट पडत होते, आणि मडके व नळी एवढ्यावर भट्टी लागत होती. म्हणून १८९२ साली ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचाच कायदा आला. आता दारूबरोबर फूल जवळ बाळगण्यावरही निर्बंध आले. हेतू महसूल राखण्याचा होता. किंमत मोजली ती ज्यांच्या ताटात ते फूल होते त्यांनी.

६/ स्वातंत्र्यानंतर कारण बदलले, पहारा तसाच राहिला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी जुन्या लष्करी छावणीच्या जागी, सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. मुंबई दारूबंदी कायदाही त्याच वर्षीचा. वसाहतवाद्यांना गल्ल्याची चिंता होती, नव्या राज्यकर्त्यांना नीतीची. वाडीवरच्या माणसाला दोन्हींतला फरक झडतीच्या वेळी फारसा जाणवला नसेल.

७/ या काळात एका पेयाला मात्र राजमान्यता मिळाली. ताडीमाडाचा ताजा, न आंबलेला रस, म्हणजे नीरा. सूर्य वर आला की तो आंबू लागतो, म्हणून भल्या पहाटे उतरवून थंड ठेवावा लागतो. उपनगरी स्थानकांवर नीरेची केंद्रे आली आणि प्रवाशाला ऋतूचे पेय उघडपणे, पेलाभर मिळू लागले.

८/ मोहाला मात्र थांबावे लागले. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करणे, साठवणे व वाहून नेणे यांवरील निर्बंध उठवले. दारू गाळण्यास परवाना आजही लागतोच.

९/ बदलापूरच्या बाजारात पावसाच्या तोंडावर जांभळे आणि शेवळे आली की घेणारा त्यांचे कौतुक करतो. त्याच रानातले एक फूल शतकाहून अधिक काळ संशयित होते, हेही त्या ऋतूच्या चवीचाच भाग आहे.