मतदान आणि आर्थिक हित : यवतमाळ जिल्हा

मतदान आणि आर्थिक हित : ज्या धोरणांनी आपल्याच खिशाला खार लागते, ती राबवणाऱ्या पक्षाला वा उमेदवाराला मतदाराने पुन्हा निवडून देणे, याला राज्यशास्त्रात आर्थिक हिताविरुद्धचे मतदान म्हटले जाते. मतदार नफातोटा पाहून मत देतो, असे अँथनी डाउन्स यांनी 1957 मध्ये मांडले होते. तसे होत नाही, ही तक्रार अमेरिकेत टॉमस फ्रँक यांच्या कॅन्सस राज्यावरील 2004 च्या पुस्तकाने गाजवली. धर्म आणि संस्कृतीच्या प्रश्नांवर मन वळवून गरिबांची मते श्रीमंतांच्या पक्षाने नेली, असा त्यांचा दावा होता. लॅरी बार्टेल्स यांनी आकडेवारीच्या आधारे तो खोडून काढण्याचा प्रयत्न केला. त्याआधी 1935 मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी अमेरिकेच्या दक्षिणेतील गोऱ्या मजुरांबद्दल लिहिताना दाखवले होते, की पगार कमी असला तरी समाजात मिळणारा मान हीसुद्धा एक कमाई असते. यवतमाळच्या बाबतीत या चौघांपैकी डू बॉइस यांचे म्हणणे सर्वाधिक उपयोगी पडते.

यवतमाळ हा सोळा तालुक्यांचा, बहुतांश कोरडवाहू शेतीचा जिल्हा. कापूस, सोयाबीन आणि तूर ही मुख्य पिके. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने 19 मार्च 1986 रोजी केलेली सामूहिक आत्महत्या राज्यातील पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या मानली जाते. पुढे या जिल्ह्याचे नाव शेतकरी आत्महत्यांशी कायमचे जोडले गेले. डिसेंबर 2005 मध्ये राज्य सरकारने 1,075 कोटींचे, तर जुलै 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर केले. इतका घाव सोसलेला जिल्हा दर निवडणुकीत भावाचाच हिशेब मागेल, अशी बाहेरच्या माणसाची अपेक्षा असते. निकाल मात्र तसे लागलेले नाहीत.

2008 ची केंद्राची कर्जमाफी दोन हेक्टरच्या आतील शेतकऱ्यांना पूर्ण लागू होती. विदर्भात पाण्याअभावी एकराचे उत्पन्न कमी असल्याने सात-आठ एकरांचा धनीही गरीबच असतो. असे कितीतरी कास्तकार पूर्ण माफीबाहेर राहिले. तरीही 2009 च्या विधानसभेत जिल्ह्यातील सातपैकी सहा जागा सत्ताधारी काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीने जिंकल्या. एकटा दिग्रस शिवसेनेकडे गेला. त्याच वर्षीच्या लोकसभेत यवतमाळ-वाशीमची जागा शिवसेनेच्या भावना गवळी यांनी जिंकली होती. म्हणजे काही महिन्यांच्या अंतराने मतदाराने दोन वेगळे कौल दिले.

20 मार्च 2014 रोजी आर्णी तालुक्यातील दाभडी येथे नरेंद्र मोदी यांनी शेतकऱ्यांशी ‘चाय पे चर्चा’ केली. उत्पादन खर्चावर 50 टक्के नफा धरून हमीभाव, हे आश्वासन तिथून देशभर गेले. त्या वर्षी विधानसभेत जिल्ह्यातील पाच जागा भाजपला मिळाल्या. फेब्रुवारी 2015 मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन असा भाव देणे शक्य नसल्याचे सांगितले. 2018 मध्ये दीडपट भाव जाहीर झाला, पण त्यात जमिनीचे भाडे आणि भांडवलावरील व्याज धरलेले नव्हते. स्वामिनाथन आयोगाच्या शिफारशीचा आग्रह धरणाऱ्यांना तो सर्वंकष खर्च हवा होता. 2017 च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात भरती व्हावे लागले. 2019 च्या विधानसभेत भाजपच्या जागा पुन्हा पाचच राहिल्या.

यावरून ‘लोकांना कळत नाही’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि शहरात तो सर्रास काढला जातो. प्रस्तुत नोंदीच्या मते तो चुकीचा आहे. ज्याला आपल्या कापसाचा दर, ओलाव्यासाठी होणारी कपात आणि सोसायटीच्या थकबाकीवरील व्याज तोंडपाठ आहे, त्याला आपले हित कळत नाही असे म्हणणे धाडसाचे ठरेल. प्रश्न वेगळा आहे: भावाचा निर्णय मतपत्रिकेवर असतो का? एकाधिकार कापूस खरेदी 1972 मध्ये काँग्रेसने सुरू केली आणि काँग्रेस आघाडीच्याच काळात ती मोडीत निघाली. 2004 च्या निवडणुकीआधी शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली. सरकार परत आले आणि वर्षभरात ती बंद झाली. ऑगस्ट 2025 मध्ये, नवा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर, केंद्राने कापसावरील 11 टक्के आयातशुल्क उठवले. सगळ्याच पक्षांकडून एकेकदा तोंड पोळलेला मतदार भावावर मत द्यायचे सोडून देतो. मताने जे खरोखर पदरात पडू शकते, त्यावर देतो.

पदरात काय पडते, हे नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीत जवळून दिसते. मतदान 20 नोव्हेंबरला, म्हणजे सोयाबीन निघालेले आणि कापसाची वेचणी सुरू असताना झाले. सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता, बाजारात दर चार हजारांच्या आसपास. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,521 रुपये, आणि खेडा खरेदीतला दर त्याहून कमी. समजा, पाच एकरांच्या एका घरात दोन एकर सोयाबीन, तीन एकर कपाशी आहे आणि दोन्हींचा उतारा एकरी पाच क्विंटल आला. क्विंटलमागे सोयाबीनला सात-आठशे आणि कापसाला पाचशेचा फटका धरला, तर घराचे सुमारे पंधरा हजार बुडाले. त्याच घरातील बाईच्या खात्यात लाडकी बहीण योजनेचे जुलैपासूनचे पाच हप्ते, म्हणजे साडेसात हजार, मतदानापूर्वी जमा झालेले होते. वर्षाचे अठरा हजार होणार होते. बुडालेला पैसा कुणाच्या हातात कधी दिसत नाही. आलेल्या पैशाचा मेसेज मोबाइलवर येतो. शिवाय भावाचा चुकारा पुरुषाच्या हाती जातो, हा हप्ता बाईच्या.

आता त्याच शेतात किलोच्या दराने कापूस वेचणाऱ्या भूमिहीन बाईचा हिशेब करावा. कापसाचा भाव पाचशेने पडला तरी तिच्या मजुरीतून थेट काही जात नाही, आणि योजनेचे दीड हजार निव्वळ मिळकत ठरतात. जिल्ह्यात शेतमजुरांची संख्या मोठी आहे, त्यांत कोलाम, गोंड, आंध, बौद्ध, बंजारा कुटुंबे आहेत. शेतकऱ्याचे हित म्हणजेच गावाचे हित, हे गृहीत धरले की त्यांचे मत ‘चुकलेले’ दिसू लागते. ते चुकलेले नाही. मात्र हप्त्याने भावाचा प्रश्न सुटत नाही, पुढे ढकलला जातो, हेही तितकेच खरे आहे, आणि त्याची किंमत शेवटी मजुरीच्या दरावरही पडते. त्या निवडणुकीत सत्ताधारी महायुतीने जिल्ह्यातील सातपैकी पाच जागा जिंकल्या. वणी शिवसेनेच्या ठाकरे गटाला आणि यवतमाळ काँग्रेसला मिळाली.

हप्ता दिला की मत मिळते, असाही नियम नाही. 28 फेब्रुवारी 2024 रोजी पंतप्रधानांनी यवतमाळमध्ये येऊनच पीएम-किसानचा सोळावा हप्ता देशभर वितरित केला. 26 एप्रिलला मतदान झाले आणि यवतमाळ-वाशीममधून महायुतीच्या राजश्री पाटील पडल्या, ठाकरे गटाचे संजय देशमुख निवडून आले. जिल्ह्याचे भाग ज्या इतर दोन मतदारसंघांत आहेत, त्या चंद्रपूर आणि हिंगोलीतही महायुती हरली.

जिल्ह्याची ही तीन लोकसभा मतदारसंघांतील विभागणी दुर्लक्षिण्याजोगी नाही. 2008 च्या पुनर्रचनेनंतर वणी व आर्णी चंद्रपूरला, उमरखेड हिंगोलीला आणि उरलेले चार विधानसभा मतदारसंघ वाशीम-कारंजासोबत गेले. कापसाचा जिल्हा म्हणून दिल्लीत एका तोंडाने बोलणारा एकही खासदार यवतमाळला नाही.

जातीचा मुद्दा आर्थिक हिताविरुद्धचा म्हणून मांडला जातो, तेही तपासून घ्यावे लागते. पुसद तालुक्यातील गहुली या गावचे वसंतराव नाईक 1963 ते 1975 मुख्यमंत्री होते. पुढे त्याच घराण्यातले सुधाकरराव नाईकही झाले. ज्या बंजारा समाजाला ब्रिटिशांनी गुन्हेगार ठरवले होते, त्यातला माणूस राज्याच्या सर्वोच्च पदावर बसला, याचे मोल क्विंटलच्या दरात मोजता येत नाही. पुसदची जागा बहुतांश काळ या घराण्याकडे राहिली, पक्ष बदलले तरी. त्यात अभिमान आहे, आणि व्यवहारही आहे: जातीचा दाखला, निराधारचे पैसे, रात्री नागपूरला किंवा सावंगी मेघेला पेशंट हलवायचा असेल तर करायचा फोन. ‘आपला माणूस’ निवडून आणणे हा गरिबाचा विमाच असतो.

शेतकरी म्हणून मत मागणाऱ्यांना मात्र या प्रदेशाने वारंवार परत पाठवले. शेतकरी संघटनेचे वामनराव चटप राजुऱ्यातून आमदार झाले, पण चंद्रपूर लोकसभेत 2009 आणि 2014 अशा दोन्ही वेळा हरले. कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांनी जानेवारी 2019 मध्ये यवतमाळच्या मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले, शेतकऱ्याची विधवा म्हणून सारा महाराष्ट्र त्यांचे बोलणे ऐकत होता. काही महिन्यांनी त्या प्रहार पक्षातर्फे लोकसभेला उभ्या राहिल्या आणि अनामतही वाचली नाही. त्यांचे पक्षप्रमुख बच्चू कडू 2024 मध्ये अचलपुरात पडले. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कर्जमाफीसाठी नागपूरला त्यांच्या मागे हजारो शेतकरी आले. जो आंदोलनात चालतो तो मतदानात चालत नाही, कारण निवडून येणार नाही असे वाटणाऱ्याला मत म्हणजे वाया गेलेले मत, हे गावात पक्के ठरलेले असते. ही समजूत मोडण्याइतकी ताकद शेतकरी चळवळीने अजून कमावलेली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

ज्या निवडणुकीचा मालाच्या खरेदी-विक्रीशी थेट संबंध येतो, ती कृषी उत्पन्न बाजार समितीची. तिच्या अठरा संचालकांपैकी अकरा सेवा सोसायट्यांचे संचालक निवडतात, चार ग्रामपंचायत सदस्य, दोन व्यापारी-अडते आणि एक हमाल-मापारी. 2017 मध्ये शेतकऱ्याला इथे थेट मताचा हक्क मिळाला होता. 2020 मध्ये तो काढून घेण्यात आला, आणि एप्रिल 2023 च्या निवडणुका जुन्याच पद्धतीने झाल्या. शेतकऱ्याला उभे राहण्याची मुभा होती, मत देण्याची नव्हती.