‘फ’ आणि ‘व’ची दंतकथा

वरच्या-खालच्या पुढच्या दातांच्या कडा एकमेकींवर टेकवून ‘वीर’ म्हणून पाहा. खालचा ओठ वरच्या दातांपर्यंत न्यायला ओढाताण होते. एरवी वरचे दात थोडे पुढे असल्याने तो सहज पोचतो. आपल्या प्राचीन वैयाकरणांनी ‘व’ला दंतोष्ठ्य म्हटले ते यामुळेच.

शिकारीवर व कंदमुळांवर जगणाऱ्या प्राचीन माणसांचे दात मात्र प्रौढपणी असे कडेला कडा लागलेले असत. लहानपणी त्यांचेही वरचे दात पुढेच असत. पण चिवट अन्न चावून दात झिजत आणि ही ठेवण बदले. शेती आली, दळलेले-शिजवलेले मऊ अन्न आले, तशी बालपणीची ठेवण मोठेपणीही टिकू लागली. यावरून अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स हॉकेट यांनी १९८५ मध्ये तर्क केला, की ‘फोन’मधल्या ‘फ’सारखे दंतोष्ठ्य वर्ण शेतीनंतर वाढले असावेत. मानवशास्त्रज्ञ लोरिंग ब्रेस यांनी हरकत घेतली आणि कल्पना मागे पडली.

२०१९ मध्ये डॅमियन ब्लासी आणि सहकाऱ्यांनी ती पुन्हा तपासली. वरचे दात पुढे असतील तर या वर्णांना स्नायूंचे श्रम सुमारे २९ टक्के कमी लागतात, असे संगणकी प्रतिकृतीत दिसले. शिकारी समाजांच्या भाषांत असे वर्ण शेतकरी समाजांच्या मानाने सरासरी चौथाईच भरले. हा कल झाला, नियम नव्हे. सर्व भाषाशास्त्रज्ञांना तो पटलेलाही नाही.

शिवाय जीभ-ओठ मोठे हिकमती. खालचा जबडा पुढे असलेला एखादा विद्यार्थी उलट वरचा ओठ खालच्या दातांना लावून ‘व’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला पुष्कळदा फरक कळतही नाही.