न झालेल्या व्याख्यानाचा प्रवास

व्याख्यानमालेच्या श्रोत्यांपुढे न झालेल्या व्याख्यानाची हकीकत मांडावी, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु गेल्या शतकात आपल्या समाजाला मुळापासून हलविणारे एक भाषण कोणत्याही व्यासपीठावरून दिले गेले नाही, ही वस्तुस्थिती आहे.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना देऊ केले. भाषणाचा मजकूर पाहून मंडळ कचरले. काही भाग गाळावा, अशी सूचना आली. एक स्वल्पविरामही बदलणार नाही, असे बाबासाहेबांनी कळविले. परिषद रद्द झाली. तेव्हा त्यांनी ते भाषण 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या नावाने स्वखर्चाने छापले आणि किंमत ठेवली आठ आणे. महात्मा गांधींनी 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिताना आपले मतभेद तर मांडलेच; पण किंमत दोन आणे, निदान चार आणे तरी करावी, असेही सुचविले. ज्याचे म्हणणे आपल्याला मान्य नाही त्याचे पुस्तकही स्वस्तात लोकांच्या हाती पडावे, हा विचार आम्हांस मोलाचा वाटतो. पहिल्या आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या.

ग्रंथ लोकांपर्यंत जावा, आणि जसाच्या तसा जावा, ही चिंता आपल्या मुलखाला नवी नाही. येथून जवळच्या पैठणात शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या पोथ्या ताडून पाहिल्या, नकलाकारांच्या हातून शिरलेले अपपाठ दूर केले, आणि यापुढे कोणी आपल्या पदरची ओवी त्यात घालू नये, अशी ताकीद देऊन ठेवली. या कामाचे वेतन त्यांना कोणी दिले नव्हते. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ते स्वयंसेवकच होते.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे निधन झाले, आणि त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते कित्येक वर्षे पेट्यांत पडून राहिली. पुढे महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र वाङ्मयाचे प्रकाशन हाती घेतले. वसंत मून यांनी संपादनाचा भार उचलला, आणि १४ एप्रिल १९७९ रोजी पहिला खंड निघाला. आज खंडांची संख्या वीसच्या वर गेली आहे. पण खंड निघणे निराळे आणि तो वाचकाला मिळणे निराळे. हे खंड छापले जात नाहीत, अशी बातमी वृत्तपत्रात आली तेव्हा, २०२१ साली, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतः होऊन तिची दखल घेतली. न्यायासनाला ज्यात लक्ष घालावे लागले, ती अडचण लहान कशी म्हणावी?

यावर एक उपाय संगणकाने पुढे आणला आहे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लिखाणावरील स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो. त्या हिशेबाने १९३६ चे ते भाषण २०१७ च्या आरंभापासून भारतात सर्वांचे झाले. जे लिखाण लेखकाच्या पश्चात प्रथम छापले गेले, त्याची ६० वर्षे मात्र प्रकाशनापासून मोजतात. तरीही, कायद्याच्या या गणिताची वाट न पाहता, परराष्ट्र मंत्रालयाने शासनाचे इंग्रजी खंड आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले. बाबासाहेब जेथे शिकले त्या कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापिका फ्रान्सिस प्रिचेट यांनी त्या भाषणाची परिच्छेदवार आकडे घातलेली प्रत इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली.

खंडाचे छायाचित्र पडद्यावर ठेवले की काम संपले, असे मात्र नाही. त्यात शब्द शोधता येत नाही, आणि अंध वाचकाला ते ऐकता येत नाही. यंत्र त्या चित्रातून अक्षरे ओळखते खरे. पण आपल्या जोडाक्षरांशी आणि जुन्या खिळ्यांच्या झिजलेल्या मात्रांशी गाठ पडली की ते अडखळते. मग माणूस लागतो. 'विकिस्रोता'वर ही रीत चांगली बसली आहे: डावीकडे मजकूर, उजवीकडे मूळ पान, एकाने ओळ अन् ओळ ताडून पाहावयाची, आणि दुसऱ्याने ती पुन्हा तपासावयाची. पहिल्यालाच दुसरी तपासणी करता येत नाही. वेतन नाही, मुखपृष्ठावर नाव नाही. एकनाथांचे काम आता अनेकांनी वाटून घेतले आहे, इतकेच.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. आज थोर पुरुषांच्या नावावर खपविलेली वाक्ये सकाळसंध्याकाळ आपल्या हातातील फोनवर येऊन आदळतात. एक गट एक वाक्य फेकतो, दुसरा गट दुसरे. मूळ पान उघडून पाहण्याची सोय नसेल तर मोठ्या आवाजाचा माणूस जिंकतो. ज्याने एक स्वल्पविराम सोडला नाही, त्याच्या तोंडी परकी वाक्ये घातली जाणे यासारखा दुसरा अन्याय नाही.

बाबासाहेबांच्या संस्थेने १९५० साली आपल्या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, महाविद्यालय काढले. त्याला मिलिंद राजाचे नाव आहे, आणि परिसराला नागसेनाचे. राजाने प्रश्न विचारावेत, भिक्षूने उत्तरे द्यावीत, आणि पटले तर राजाने ते मान्य करावे, असा तो संवाद. तत्त्वज्ञाची पूजा करणे सोपे आहे. त्याला प्रश्न विचारावयाचे तर त्याचे शब्द हाताशी असावे लागतात. पुंडलिकनगरातील एखाद्या मुलीला रात्री अकरा वाजता शंका आली, तर तिला मूळ परिच्छेद तेव्हाच, एक पैसाही न मोजता, उघडता आला पाहिजे. आठ आण्यांवरून निघालेला वाद तेथे मिटेल. आपल्यापैकी ज्यांना शुद्धलेखन येते आणि आठवड्यातून एक तास रिकामा मिळतो, त्यांनी रोज एक पान ताडून पाहिले नाही तरी चालेल; आठवड्याला एक पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.