चटकल कामगार, उतारवयातील (कोलकाता)

कोलकाता व परिसरात हुगळीच्या दोन्ही तीरांवरील ताग गिरण्यांतले, निवृत्तीला टेकलेले किंवा निवृत्तीनंतरही कामावर येणारे कामगार. ताग गिरणीला बंगालीत ‘चटकल’ म्हणतात. पहिली गिरणी रिशडा येथे 1855 मध्ये निघाली. कामगार मुख्यतः बिहार, पूर्व उत्तर प्रदेश, ओडिशा व आंध्र येथून आले.

पार्श्वभूमी : फाळणीत गिरण्या भारतात राहिल्या, तागाची बरीचशी शेती पूर्व पाकिस्तानात गेली. पुढे प्लॅस्टिकची पोती आली आणि बांगलादेशी मालाची स्पर्धाही. धान्य व साखर तागाच्या पोत्यांत भरण्याच्या सक्तीचा कायदा 1987 मध्ये झाला. आज गिरण्या मुख्यतः या कायद्यामुळे येणाऱ्या सरकारी मागणीवर तगून आहेत. मुंबईच्या कापड गिरण्यांना 1982 च्या संपानंतर असा आधार नव्हता.

प्रतवारी : कायम, स्पेशल बदली, बदली (गैरहजर कामगाराच्या जागी येणारा), व्हाउचरवाला (हजेरीपटाबाहेर, व्हाउचरवर रोज घेणारा). शिवाय भागवाला, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर राबून मजुरीत वाटा घेणारा. 2002 च्या त्रिपक्षीय करारात नव्या भरतीचा रोज 100 रुपये ठरला. त्यापुढे जुना कायम कामगार मालकाला महाग वाटणे ओघानेच आले. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी तोच माणूस त्याच मागावर व्हाउचरवर, कमी रोजाने उभा राहतो.

ग्रॅच्युइटी : उतारवयातील सुरक्षिततेचा खरा प्रश्न हाच. कायद्यानुसार सेवेच्या दर वर्षामागे 15 दिवसांचे वेतन मिळते. 30 वर्षे राबलेल्याला 450 दिवसांचे. रक्कम 30 दिवसांत द्यायची असते, उशीर झाल्यास व्याजही. प्रत्यक्षात अनेक गिरण्यांत ती वर्षानुवर्षे थकते किंवा हप्त्याहप्त्याने मिळते. मग कामगार संबंधित प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो. आदेशानंतरही पैसे न मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करता येते. तोवर कित्येक जण कुली लाइनीतली (गिरणीच्या कामगार वसाहतीतली) खोली सोडत नाहीत, कारण दबावाचे तेवढेच साधन हाती उरते. खोली न सोडल्यामुळे मालकाने ग्रॅच्युइटी अडवणे योग्य की अयोग्य, याबाबत न्यायनिवाडे एकसारखे नाहीत.

गिरणीबंदी : फाटकावर ‘सस्पेन्शन ऑफ वर्क’ची नोटीस लागते. मालक कच्च्या तागाचे दर आणि मागणीतली घट पुढे करतात. संघटनांच्या मते यामागे देणी लांबवण्याचा हेतू असतो.

स्त्रिया : विसाव्या शतकात प्रमाण घटत गेले.