जुवावरचा भार

वॉन नगरातील महामार्ग क्रमांक 7 आणि जेन स्ट्रीट यांच्या चौकाजवळ आज टोरांटोच्या भुयारी रेल्वेचे शेवटचे स्थानक आहे, आणि 2017 साली ते सुरू झाल्यापासून त्याच्या भोवती काचेचे मनोरे इतक्या त्वरेने उभे राहिले आहेत की येथे कधी काळी एज्ली नावाचे खेडे होते, आणि त्या खेड्याच्या आसमंतातील मेनोनाइट शेतकऱ्यांनी 1824 साली ओंडके रचून आपले प्रार्थनागृह बांधले होते, असे सांगितले तर नव्या रहिवाशास ती दंतकथा वाटावी. हे शेतकरी जर्मनभाषी. एकोणिसावे शतक उजाडण्याच्या सुमारास ते पेन्सिल्व्हेनिया सोडून उत्तरेकडे आले, आणि आले ते कोनेस्टोगा नावाच्या अवजड गाड्यांतून. या गाडीची साटी होडीसारखी, मध्ये खोल आणि दोन्ही टोकांना उचललेली असे, कारण चढावर माल मागे घसरू नये आणि उतारावर तो पुढे रेटू नये अशी तजवीज त्या आकारातच केलेली होती. चार-सहा घोडे जुंपलेले असत, तरी गाडीवान गाडीत बसत नसे. डावीकडच्या घोड्यावर बसून किंवा गाडीच्या डाव्या अंगाने पायी चालत तो सारा काफिला हाकी, आणि ब्रेकची दांडीही त्याच अंगाला, त्याच्या हाताशी असे. घोडे ओढतील याविषयी तो निश्चिंत असे. त्याचे सारे चित्त उतारावर गाडी कशी आवरेल याकडे लागलेले असे.

या गाडीवानाचे स्मरण मला झाले ते गेल्या हिवाळ्यात, वॉनच्या मेपल भागात राहणाऱ्या माझ्या पुतण्याकडे मुक्कामास असताना. ‘काका, ट्रेलर घेऊन व्हँकूव्हरपर्यंत जायचं तर कोणती एसयूव्ही घ्यावी?’ असा प्रश्न त्याने मला जेवताना केला, आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता चार-पाच गाड्यांची ओढण्याची क्षमता पाठ म्हणून दाखविली. मोटारींतला मी जाणकार नव्हे. परंतु आमचे घराणे शेतकऱ्यांचे, आणि बाजारात बैल घेताना माझे आजोबा त्याची मान, खूर आणि चाल बराच वेळ न्याहाळीत, ‘किती ओढतो?’ हा प्रश्न विक्रेत्यास सहसा विचारीत नसत, हे मला आठवत होते. गाडी भरण्याविषयी तर त्यांचा दंडक फार कडक होता. ओझे मागे जास्त झाले तर दांड्या वर उचलल्या जातात, जू बैलांच्या मानेवर टेकत नाही, आणि गाडी उलाळ होते. ओझे पुढे जास्त झाले तर तीच मान सोलून निघते. या दोहोंमधली जागा साधणे ही गाडी भरणाराची खरी विद्या.

वॉनची भूमी मात्र या विद्येशी पहिल्यापासून परिचित आहे. हंबर नदीच्या काठाने, आजच्या वुडब्रिज आणि क्लाइनबर्ग परिसरातून, एक पायवाट उत्तरेस हॉलंड नदीपर्यंत जात असे; ओंटारिओ सरोवरातून वर आलेले मूळ रहिवासी, आणि मागाहून फ्रेंच व्यापारी, आपल्या होड्या व पाठीवरची ओझी घेऊन सुमारे 45 किलोमीटरची ती खुष्कीची मजल मारीत, म्हणून इंग्रजीत तिला वाहून नेण्याची जागा अशा अर्थाचेच नाव पडले. 1793 च्या सप्टेंबरात लेफ्टनंट गव्हर्नर सिमको स्वतः या वाटेने गेला, ती त्याच्या मनास उतरली नाही, आणि पूर्वेकडून नवा सरळ रस्ता काढण्याचा हुकूम त्याने दिला. 1796 पर्यंत तयार झालेला तो यंग स्ट्रीट. त्या रस्त्याला समांतर, शंभर-शंभर साखळ्यांच्या अंतराने, म्हणजे दर दोन किलोमीटरांवर, मोजणीदारांनी जे रस्ते आखले तेच आजचे बॅथर्स्ट, डफरिन, कील आणि जेन. मोजणी झाली, सनदा दिल्या गेल्या, आणि या तालुक्याला बेंजामिन वॉन या मुत्सद्द्याचे नाव मिळाले. 1783 च्या इंग्रज-अमेरिकन तहाच्या वाटाघाटींत त्याचा हात होता.

वाटसरूंच्या या गावाचे भाग्य पुन्हा पालटले ते 1952 साली, टोरांटोपासून बॅरीपर्यंतच्या नव्या महामार्गाला 400 हा क्रमांक मिळून तो वॉनच्या मध्यातून धावू लागला तेव्हा. शुक्रवारी दुपारी शहर सोडून उत्तरेच्या सरोवरांकडे निघालेल्या मोटारींची रांग येथे ज्याने पाहिली असेल, त्याला आषाढातील पुणे-पंढरपूर रस्ता आठवल्यावाचून राहणार नाही. फरक इतकाच की येथील वारकरी आपली राहुटी चाकांवर घालून मागे ओढीत नेतो. ही राहुटी विसाव्या शतकाच्या पहिल्या चरणातली. फोर्डच्या टी मॉडेल मोटारीमागे घडीचा तंबू बांधून हिंडणाऱ्या अमेरिकनांनी 1919 साली फ्लॉरिडातील टँपा येथे आपली एक संघटना काढली, आणि डबाबंद अन्नावर गुजराण करणारे म्हणून तिने स्वतःस ‘टिन कॅन टुरिस्ट्स’ असे थट्टेचे नाव घेतले. पुढे वॉली बायम याने 1936 साली ॲल्युमिनियमचा ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ विक्रीस काढला, आणि कॅनडात विनिपेगच्या रे ओलेको याने 1968 साली फायबरग्लासचा अवघ्या तेरा फुटांचा ‘बोलर’ केला. बोलर टोपीसारखा दिसतो म्हणून तेच नाव त्याला मिळाले. फायबरग्लासची सेप्टिक टाकी बनविताना ओलेकोला तो सुचला, हे त्यात झोपणाऱ्यांस न सांगितलेले बरे!

चाकांवरच्या या घरांनी वॉनला एक दुःखद रात्रही दाखविली आहे. 15 ऑक्टोबर 1954 रोजी हेझल चक्रीवादळाच्या पावसाने हंबर नदी फुगली, आणि वुडब्रिजच्या काठावर उभी असलेली ट्रेलरांची वस्ती पाण्याने उधळून लावली. त्या वादळाने कॅनडात 81 माणसे दगावली. त्यानंतर पूरक्षेत्रातील जमिनी संपादून तेथे वस्ती होऊ न देण्याचे धोरण सरकारने धरले, आणि आज हंबरच्या काठी जी हिरवी कुरणे दिसतात त्यांतील पुष्कळशी या शहाणपणाची फळे आहेत.

आता ओढणाऱ्या गाडीकडे वळू. शेवरलेने 1935 साली अर्ध्या टनी ट्रकच्या सांगाड्यावर सर्वांगी पोलादी पेटी बसवून आठ माणसांची ‘सबर्बन कॅरिऑल’ काढली, तीच आजच्या अवाढव्य एसयूव्हीची आजी. तिची शक्ती साठ अश्वांच्या आसपास होती, आणि आजच्या तिच्या नातीला साडेतीनशेहूनही अधिक अश्व जुंपलेले असतात. परंतु त्या काळी कुटुंबाने ट्रेलर ओढावा तो मोठ्या सिडान किंवा स्टेशन वॅगन मोटारीने, आणि ही रीत चाळीस वर्षे सुखाने चालली. मोडली ती कायद्याने. 1973 च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने 1975 साली इंधनवापराचे दंडक घातले. ते प्रवासी मोटारींना कडक आणि ट्रकवर्गीय गाड्यांना सैल होते, म्हणून जड वॅगन हळूहळू आटल्या आणि ट्रकच्या सांगाड्यावरची कौटुंबिक गाडी फोफावली. कॅनडाचा मोटारधंदा 1965 च्या करारापासून अमेरिकेच्या धंद्याशी बांधलेला असल्यामुळे वॉनच्या घरांपुढेही तोच पालट दिसू लागला. 1996 साली जनरल मोटर्सने शेवटची मोठी वॅगन बंद केली. त्याच सुमारास फोर्डची ‘एक्स्पिडिशन’ बाजारात आली. लोक म्हणतात की ग्राहकाच्या आवडीने एसयूव्ही आली. मला वाटते, आवड मागाहून आली.

मग क्षमतेच्या आकड्यांची चढाओढ लागली. जो तो कारखाना आपापल्या मापाने मोजी, आणि कोणाचा आकडा कोणाशी ताडून पाहावा याला प्रमाण नव्हते. मोटार अभियंत्यांच्या संस्थेने 2008 साली एकच कसोटी प्रसिद्ध केली, आणि ती सर्वांनी पत्करावी म्हणून पुढे काही वर्षे जावी लागली. नेव्हाडाच्या सीमेवरील डेव्हिस धरणाजवळचा अकरा मैलांहून लांब चढ, कडक उन्हाळा, वातानुकूलन चालू, आणि ट्रेलरसह वेग ठराविक मर्यादेखाली जाता कामा नये, अशी ही परीक्षा. परंतु तीत गाडीमध्ये चालक आणि एक सोबती एवढीच माणसे धरलेली असतात. सात माणसांचे कुटुंब त्या परीक्षेस बसलेले नसते.

येथेच माझ्या पुतण्याचा हिशेब चुकत होता. त्याच्या पसंतीच्या गाडीची पाहणी करण्यास आम्ही गेलो तेव्हा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेला पिवळा-पांढरा कागद मी त्यास वाचावयास लावला. माणसे आणि सामान मिळून 705 किलोपेक्षा अधिक नसावे, असे त्यावर छापलेले होते. ट्रेलरच्या दांडीचा जो भार गाडीच्या हुकावर पडतो तोही याच 705 मध्ये धरावयाचा, आणि तो ट्रेलरच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावा लागतो. त्याहून कमी झाला तर ट्रेलर उलाळ होऊन महामार्गावर डावी-उजवीकडे हेलकावे खाऊ लागतो, आणि तो आवरणे मग निष्णात चालकासही कठीण होते. आम्ही पार्किंगमध्येच पाकिटाच्या पाठीवर गणित मांडले. सात माणसे, त्यांत दोन मुले आणि माझ्या वहिनींसह दोन वृद्ध, 440 किलो, पेट्या, बर्फाची पेटी, कुकर, वहिनींच्या औषधांची पिशवी धरून 90, उरले 175. मनात भरलेला ट्रेलर भरल्यावर 3,100 किलो, त्याच्या बारा टक्क्यांचे 372. भार वाटून देणारा स्प्रिंगपट्ट्यांचा हुक लावला तर काही अंश पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या आसावर जातो, पण 197 किलोची तूट त्याने भरून निघत नाही. गाडीची ओढण्याची क्षमता मात्र 3,700 किलो छापलेली होती, आणि ती खोटी नव्हती.

पुतण्या थोडा हिरमुसला. वाटेची कल्पना त्याला होती. वॉनहून 400 ने वर, सडबरीवरून सू सेंट मेरी, आणि पुढे सुपीरिअर सरोवराच्या कडेने वावापर्यंत जाणारा महामार्ग, ज्यावरचा दुवा 1960 साली जोडला गेला तेव्हा वावा गावाने भल्यामोठ्या हंसाचा पुतळा उभारला, त्या रस्त्यावर माँट्रिअल नदीजवळची उतरण किती दांडगी आहे हे त्याने स्वतः पाहिले होते. ‘तिथे तुला ओढायचं नाही, थांबायचं आहे,’ एवढेच मी म्हणालो. ओंटारिओच्या कायद्यात 1,360 किलोपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावे लागतात, आणि धावत्या ट्रेलरमध्ये माणूस बसू देता येत नाही. म्हणजे सातही जणांना गाडीतच बसावयाचे, आणि त्यांचे वजन त्या कागदावरून हटवावयाचे नाही.

मे महिन्यात त्यांनी ती गाडी घेतली, आणि तिच्यामागे भरल्यावर 1,400 किलो भरणारा, मिटवता येणारा तंबू-ट्रेलर घेतला. त्याला ब्रेक आहेत, दांडीवर 168 किलो भार येतो, आणि राहिलेले सात किलो वहिनींनी लोणच्याच्या बरण्यांसाठी राखून ठेवले आहेत.