उल्हासखोऱ्यांतील उघडी शेगडी

मुंबईहून आगगाडीनें कल्याण सोडून कर्जतच्या बाजूस निघालें म्हणजे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं स्थानकें एकामागून एक लागतात. डाव्या हातास कोठें जवळ, कोठें दूर उल्हास नदी वाहते; उजव्या हातास मलंगगडाचे सुळके दिसतात. समुद्रावरून येणारे मेघ या डोंगरांवर अडतात, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस येथें कोसळतो. उरलेले आठ महिने आकाश बहुधा निरभ्र असतें. अशा प्रदेशांत बारा महिने उघड्यावर अन्न शिजवावयाचें तर कोणती चूल टिकेल, हा प्रश्न आज गच्चीवर गॅसची जाळीदार शेगडी मांडूं पाहणाऱ्या हौशी गृहस्थास पडतो. परंतु तो त्याचा एकट्याचा प्रश्न नव्हे. तो या खोऱ्यांत फार जुना आहे, आणि एके काळीं तो हौसेचा नसून पोटाचा होता.

येथील आगरी, कुणबी आणि ठाकूर वस्त्यांतून मातीची चूल असे. मातींत भाताचें तूस आणि शेण कालवून ती घालीत, शेजारीं वैल ठेवीत आणि रोज सारवीत. आंघोळीच्या पाण्याची चूल बाहेर, पडवीच्या कडेस असे. पागोळ्यांचें पाणी उडून ती ओली होई, तिचे कांठ ढासळत. पण ती दुरुस्त करणारी गृहिणी घरांतच असे आणि लागणारी माती अंगणांत असे. टिकाऊपणाचा हा एक प्रकार आहे. बाजारांत वस्तु पारखतांना तो सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

मोठ्या कार्याचा स्वयंपाक मात्र उघड्यावरच. जमिनींत चर खणून किंवा दगडविटांचें चुलाण रचून आचारी त्यावर हंडे चढवीत. चातुर्मासांत लग्नें होत नाहींत याचें कारण पंचांगांत सांपडतें हें खरें. पण भर आषाढांत चर पाण्यानें भरल्यावर हजार पानांचा भात शिजवावयाचा कोठें, हाहि विचार त्यामागें नसेल असें म्हणवत नाहीं. शेजारच्या रायगड जिल्ह्यांत थंडींत होणारी पोपटी हें तर निव्वळ शेतांतलें भोजन. मडक्यांत भांबुर्डीचा पाला आणि वालाच्या शेंगा भरून तें उपडें ठेवावयाचें, भोंवतीं पेंढा व गोवऱ्या रचून पेटवावयाचें, आणि पाऊण-एक तासानें मडकें उघडावयाचें. तेथें गंजावयास लोखंडच नाहीं. जाळीवर भाजण्याची विलायती तऱ्हा ज्यांस नवी वाटते त्यांनीं आपल्या शेजारची ही रीत अवश्य आठवावी.

चूल टिकविणें ही एक गोष्ट, ती पेटविणें ही दुसरी. पावसाळ्यांत सरपण ओलें होई आणि विझलेल्या चुलीसाठीं शेजारघरचा विस्तव मागून आणावा लागे. या अडचणीवरील उपाय योगायोगानें या खोऱ्यांतच तयार होऊं लागला. स्वीडनमधील आगकाड्यांच्या कंपनीनें १९२३ सालीं हिंदुस्थानांत वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी काढली आणि तिचा मोठा कारखाना अंबरनाथला उभा राहिला. ‘विम्को’ हें नांव पुढें घरोघरीं काड्यापेटीवर पोहोंचलें. तो कारखाना आतां राहिला नाहीं. अंबरनाथच्या एका नाक्याला त्याचें नांव तेवढें उरलें आहे.

त्याच स्वीडन देशांतून रॉकेलचा पंपाचा स्टोव्हहि आला. १८९२ सालीं स्टॉकहोम येथें फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यानें काजळी न धरणारा ‘प्रायमस’ काढला. त्याची टांकी पितळेची असल्यामुळें गंजत नसे. पिन, वायसर, बर्नर यांपैकीं जें झिजेल तें चार आण्यांत बदलून मिळे, आणि हें काम करणारा मनुष्य प्रत्येक बाजारपेठेंत बसलेला असे. म्हणून एक एक स्टोव्ह दोन दोन पिढ्या चालला. वाऱ्यापुढें मात्र त्याचें कांहीं चालत नसे. उघड्यावर त्याची ज्योत फडफडे, विझे, आणि पुन्हा घाईनें पेटवितांना भडका उडे. त्या भडक्यानें किती घरांतील बायका भाजल्या याची आठवण जुन्या माणसांना अद्याप आहे.

यानंतर या खोऱ्यांत जें घडलें त्याला तोड नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत सरकारनें कल्याणजवळ सैनिकांसाठीं मोठी छावणी बांधली होती. युद्ध संपलें, छावणी रिकामी झाली, आणि १९४७ सालीं देशाची फाळणी झाली. सिंध प्रांतांतील हिंदु कुटुंबें घरेंदारें सोडून निघालीं. पुष्कळशीं कराचीहून बोटीनें मुंबईस आलीं आणि त्यांतील हजारों माणसें कल्याणच्या या बराकींत आणून ठेवण्यांत आलीं. लांबच लांब बराक, तींत अनेक संसार, आणि दोन संसारांच्या मध्यें गोणपाटाचा किंवा चादरीचा पडदा. पडद्याच्या घरांत चूल पेटवावी तर आगीचें भय आणि धुरानें सर्वांचाच जीव घुसमटे. चुलीनें बाहेर व्हरांड्यांत आणि मोकळ्यांत जावें हें ओघानेंच आलें.

येथें एका गोष्टीचा विचार करण्यासारखा आहे. कराचीस किंवा सिंधमधील हैदराबादेस वर्षाकांठीं पडणारा पाऊस जेमतेम सातआठ इंच. त्या कोरड्या देशांत अंगणांतील चूल किंवा तंदूर बहुतेक वर्षभर उघडा राहूं शकतो. त्यावर छप्पर घालण्याची गरज सहसा पडत नाहीं. अशा देशांतील गृहिणी १९४८ च्या जून महिन्यांत कल्याणच्या छावणींत उभी होती. जितका पाऊस तिच्या गांवीं वर्षांत पडे तितका येथें दोन दिवसांत पडूं शकतो. घर गेलें, शेजार गेला, भाषा कोणास कळेना. आणि त्यांतच घरच्यांपुढें गरम कोकी ठेवावयाची तर विस्तव कोरडा राहीना. निर्वासितांच्या हालांची वर्णनें पुष्कळ झालीं आहेत. त्यांत चुलीची ही अडचण क्वचितच येते, कारण ती सोसणाऱ्या बायकांना कोणी विचारलें नाहीं.

अशा जागीं बांधलेल्या चुलीपेक्षां उचलतां येणारी शेगडी बरी. पत्र्याची बादली किंवा डबा घेऊन त्याला आंतून मातीचा लेप द्यावयाचा, खालीं राख पडावयास तोंड ठेवावयाचें, आणि मध्यें लोखंडी सळ्यांची जाळी बसवावयाची. कोळसा उघड्यावर पेटवावा, धूर संपला कीं कडी धरून शेगडी आडोशाला आणावी. पत्रा दोन पावसाळ्यांत कुजे. परंतु दुसरा डबा मिळे, माती तीच वापरतां येई आणि सळ्या तर कितीहि वर्षें चालत. मुंबईच्या चाळींत रुळलेली ही शेगडी छावणीच्या जीवनास अगदीं सोयीची होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें या वसाहतीची शहर म्हणून प्रतिष्ठापना झाली आणि नदीच्या नांवावरून तिला उल्हासनगर म्हणूं लागले. दाळ-पकवान, पापड आणि मिठाया यांचे व्यवसाय याच शहराच्या रस्त्यांवर उभे राहिले. उल्हासनगरच्या मालावरील ‘यू. एस. ए.’ या अक्षरांची थट्टा महाराष्ट्रांत पुष्कळ झाली. थट्टा करणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं ती अक्षरें छापणाऱ्यांच्या आईबापांनीं या गांवांत पहिला संसार एका बराकीच्या कोपऱ्यांत मांडला होता.

गॅसची हकीकत थोडक्यांत सांगतां येते. १९५५ सालीं बर्मा-शेल कंपनीनें मुंबईंत टांकीबंद गॅस विकण्यास आरंभ केला. १९७६ सालीं ती कंपनी सरकारनें ताब्यांत घेतली, आणि पुढल्या वीस-पंचवीस वर्षांत लाल टांकी उपनगरांपलीकडे या खोऱ्यांतहि घरोघर पोहोंचली. याच सुमारास अंबरनाथ आणि बदलापूर येथें औद्योगिक वसाहती वाढल्या. कोन-लोखंड कापणारे, पत्रा वांकविणारे आणि सांधा जोडणारे कारागीर त्यामुळें हाताशीं आले. वडापावची गाडी, चायनीजची गाडी, आचाऱ्याची तीन तोंडांची भट्टी हीं सारीं अशाच कारागिरांच्या हातचीं. दिसावयास ओबडधोबड, पण त्यांचा बर्नर बिडाचा, जाड, आणि दोन चाव्यांनीं सुटा होणारा असतो.

झांकणाची, जाळीची गॅस-शेगडी अमेरिकेंत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रूढ झाली. तेथें ती बंगल्याच्या मागील अंगणांत राहते. आपल्याकडे ती बदलापूरच्या बाजूच्या शेतघरांत आणि नव्या इमारतींच्या गच्च्यांवर दिसूं लागली आहे. तिची निवड करतांना गिऱ्हाइकाची दृष्टि प्रथम झांकणाच्या चकाकीकडे जाते. वस्तुतः झांकण सर्वांत शेवटीं मरतें. प्रथम मरतो तो बर्नर. भाजतांना गळणारें तेल, मीठ आणि मसाला त्यावर पडतो, वरून पावसाळी हवेचा ओलावा बसतो, आणि पातळ पत्र्याचा बर्नर एकदोन वर्षांत छिद्रांच्या कांठीं खाल्ला जातो. छिद्रें वेडींवांकडीं झालीं म्हणजे ज्योत निळी राहत नाहीं, पिवळी होते आणि भांड्याला काजळी धरते. म्हणून पहिला प्रश्न विचारावयाचा तो असा: हा बर्नर सुटा होतो काय, आणि तसाच दुसरा कल्याण-उल्हासनगरच्या बाजारांत मिळतो काय? उत्तर ‘नाहीं’ असल्यास शेगडी कितीहि भारी असली तरी ती घेऊं नये. पितळेचा बर्नर हिरवट पडतो पण त्याचे पापुद्रे सुटत नाहींत. बिडाच्या बर्नरचे सुटतात, परंतु तो इतका जाड असतो कीं घासून पुन्हा वापरतां येतो.

दुसरी गोष्ट पत्र्याची. १९१३ सालीं शेफील्ड येथें हॅरी ब्रेअर्ली यानें क्रोमियम मिसळलेलें न गंजणारें पोलाद तयार केलें. क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर पृष्ठभागावर बसतो आणि खालच्या लोखंडाचें रक्षण करतो. ३०४ क्रमांकाच्या जातींत शेंकडा सुमारें १८ भाग क्रोमियम आणि ८ भाग निकेल असतें. २०२ क्रमांकाच्या स्वस्त जातींत निकेल कमी करून मँगेनीज घालतात, आणि ती दमट हवेंत लवकर डाग धरते. दुकानांत लोहचुंबक लावून पाहण्याची चाल आहे. ती फसवी आहे. २०२ ला देखील चुंबक सहसा चिकटत नाहीं, तर ४३० या जातीला चिकटूनहि ती न गंजणाऱ्यांतच मोडते. त्यापेक्षां विक्रेत्याकडून जातीचा क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा, आणि स्क्रू, चाकें व पायांचे सांधे पाहावे. चकचकीत अंगाला साध्या लोखंडाचे स्क्रू लावलेले असतात आणि पहिल्या श्रावणांत तांबूस ओघळ तेथूनच निघतात.

भाजण्याची जाळी बिडाची असल्यास उत्तम. तिची निगा येथील कोणत्याहि घरांत शिकविण्याची गरज नाहीं. लोखंडी तव्याला जें करतात तेंच तिला करावयाचें. धुवावी, विस्तवावर कोरडी करावी, तेलाचा हात फिरवावा. शेगडीवर घालावयाच्या प्लॅस्टिकच्या खोळीबद्दल मात्र सावध असावें. शेगडी पुरती निवण्यापूर्वीं किंवा ओली असतांना खोळ घातली तर आंत वाफ कोंडते, आणि उघड्या पावसानें जें झालें नसतें तें खोळीखालीं होतें.

गंजानें पैसा जातो; पण पावसाळ्यांत प्राणावर बेतणारी चूक निराळीच आहे. सर आली कीं गाडीवाला किंवा गच्चीवरचा हौशी मनुष्य शेगडीभोंवतीं ताडपत्री ओढून घेतो. टांकीबंद गॅस हवेपेक्षां जड असतो. गळती झाली तर तो वर उडून जात नाहीं, जमिनीशीं सांचतो. आणि बंद ताडपत्रींत तो सांचावयास जागा आयतीच मिळते. छप्पर हवें तर वर असावें, निदान दोन बाजू पूर्ण मोकळ्या असाव्या. रबरी नळी पांच वर्षांनीं बदलावी, मग ती वरून कितीहि धड दिसो. घरगुती रेग्युलेटर मंद दाबाचा असतो आणि भट्टीचा उंच दाबाचा. एकाच्या जागीं दुसरा लावणें म्हणजे विस्तवाशीं खेळ. टांकी बांधून ठेवावी. २६ जुलै २००५ रोजीं उल्हास नदीचें पाणी वस्त्यांत शिरलें होतें, आणि २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरांत अडकून पडली होती. अशा पाण्यावर रिकामी टांकी लाकडी ओंडक्यासारखी तरंगत जाते.

बाजारांतील जाणते आचारी या गोष्टी बोलून दाखवीत नाहींत, करतात. लग्नसराई संपून मे अखेर आगोटीची खरेदी सुरू झाली, मिरच्या-मसाले डब्यांत भरले गेले, कीं भट्टीचे बर्नर सोडवून रॉकेलनें धुतात, छिद्रांतून तार फिरवितात आणि कोरड्या फडक्यांत गुंडाळतात. सांगाडा बाहेर भिंतीशीं उभा राहतो. तेल लावलेली जाळी मात्र घरांत, सुक्या मासळीच्या डब्याशेजारीं, खुंटीला टांगलेली असते.