रुग्णसेवा व विद्या

सन १६३३ मध्ये संत विन्सेंट द पॉल व संत लुईज द मारिलाक यांनी पॅरिस येथे ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ हा भगिनीसंघ स्थापून रुग्णसेवेस व्रताचे स्थान दिले. १८६० मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढून तीस विद्येची जोड दिली. या विद्येचे मोल २०१४ साली आकड्यांनी दिसले. युरोपातील ९ देशांच्या ३०० रुग्णालयांत, जेथे पदवीधर परिचारिका शेकडा १० ने अधिक, तेथे शस्त्रक्रियेच्या रोग्यांस मृत्यूचा संभव शेकडा ७ ने कमी आढळला. रोग्याची पालटती अवस्था वेळीच ओळखण्यास नुसती कळकळ पुरत नाही, असेच आम्ही समजतो. म्हणून, धर्मग्रामातील मातापित्यांनो, या महोत्सवप्रसंगी आमचे इतकेच मागणे की, सेवेस निघालेल्या कन्येचे शिक्षण खर्चाच्या भयाने अर्ध्यावर सोडवू नका. त्यावर कोणा रोग्याचे प्राण अवलंबून असतील.